वाजले किती आणि लागले किती

माझ्या मामांचं फलटणजवळ एक जेसीबी मशीन आहे. बांध घालणं, शेततळं खोदणं, विहिरीतला गाळ काढणं, अशी कामं तासाच्या भाड्यावर घेतात. हिशेब माझ्याकडे. ऑपरेटरच्या वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो आणि रविवारी चहा घेत मी तो एक्सेलमध्ये भरतो. पहिल्याच आठवड्याचे आकडे असे होते: सोमवारी ८:३०, मंगळवारी ९:१५, बुधवारी ७:४५, गुरुवारी १०:००, शुक्रवारी ८:२०, शनिवारी ६:४०. खाली बेरीज मारली तर उत्तर आलं २:३०. मीही न बघता तसंच पाठवून दिलं.

पाच मिनिटांत मामांचा फोन. "अरे, आठवडाभर मशीन रगडलं आणि अडीच तास? मग डिझेल काय मी प्यायलो?"

"मामा, थांबा, बघतो," म्हणालो खरा, पण मलाही लगेच काही सापडेना. आकडे बरोबर, फॉर्म्युला बरोबर, उत्तर मात्र हास्यास्पद. खरी बेरीज होते ५० तास ३० मिनिटं. मग ४८ तास गेले कुठे?

गेले कुठेच नव्हते. सेलच्या आत ते सुखरूप होते, फक्त दिसत नव्हते. याचं कारण समजून घ्यायला आपली मराठी फार कामाची आहे. "साडेआठ वाजले" आणि "साडेआठ तास लागले" या आपल्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाजण्याला मर्यादा असते: रात्रीचे बारा झाले की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. लागण्याला मर्यादा नसते. विहीर खणायला तीनशे तास लागू शकतात, पण तीनशे कधी वाजत नाहीत. आपण ८:३० टाइप केलं की एक्सेल गृहीत धरतो की आपण "वाजले" म्हणतोय. त्यामुळे बेरीज ५०:३० झाली तरी तो घड्याळाच्या भाषेत सांगतो: दोन दिवस उलटून गेले, आता अडीच वाजलेत.

(पुढे जे फॉरमॅट आणि फॉर्म्युले येतील ते मी तोंडाने म्हणतो तसे देवनागरीत लिहिलेत. तुम्ही टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच टाका.)

उपाय दोन कंसांचा आहे. बेरजेच्या सेलवर जाऊन कंट्रोल आणि १ दाबा. फॉरमॅट सेल्सची खिडकी उघडेल. त्यात नंबरच्या टॅबमध्ये सगळ्यात खाली कस्टम आहे. तिथे टाइपच्या चौकोनात जे एच:एमएम लिहिलेलं असेल ते पुसून [एच]:एमएम करा. म्हणजे तासाच्या अक्षराभोवती चौकटी कंस. ओके दाबलंत की २:३० च्या जागी ५०:३० उभं राहतं. कंस म्हणजे एक्सेलला दिलेली सूचना: हे वाजलेले नाहीत, लागलेले तास आहेत, चोविसाला तोडू नकोस.

टाइप करायचा कंटाळा असेल तर त्याच खिडकीत टाइमच्या यादीत ३७:३०:५५ असा एक नमुना दिसतो. घड्याळात सदतीस कधी वाजत नाहीत, तेव्हा हा नमुना कशासाठी आहे ते उघडच आहे. तो निवडला की काम झालं, फक्त सेकंदही दिसतील. गूगल शीट्समध्ये फॉरमॅट, मग नंबर, मग ड्युरेशन. लिबरऑफिस कॅल्कमधला नमुना तर भलताच आहे: ८७६६१३:३७:४६. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं प्रोग्रॅम बिघडला. नंतर भागाकार करून पाहिला. ३१ डिसेंबर १९९९, दुपारी १ वाजून ३७ मिनिटं आणि ४६ सेकंद ही वेळ ३० डिसेंबर १८९९ च्या मध्यरात्रीपासून तासांत मोजली की हा आकडा येतो. मधले दिवस ३६,५२५, त्याला २४ ने गुणा, वर दुपारपर्यंतचे १३ तास.

आणि इथेच सगळ्या भानगडीचं मूळ आहे. स्प्रेडशीटला तास ही गोष्ट ठाऊकच नाही. तिला फक्त दिवस कळतात. १ म्हणजे एक पूर्ण दिवस, ०.५ म्हणजे बारा तास, सहा तास म्हणजे पाव. आपण सेलमध्ये ८:३० लिहितो तेव्हा आत साठवलं जातं ०.३५४१६६ आणि पुढे सहाच सहा. बेरीज ५०:३० ची आत आहे २.१०४१६६ च्या आसपास. दोन दिवस आणि वर थोडं. फॉरमॅट म्हणजे त्या एकाच आकड्याला घातलेले निरनिराळे कपडे. एच:एमएम घातला की २:३०, [एच]:एमएम घातला की ५०:३०, [एम] घातला की ३०३० मिनिटं, [एस] घातला की १,८१,८०० सेकंद. आतला माणूस तोच. खात्री करायची असेल तर सेलचा फॉरमॅट जनरल करून बघा, उघडाबंब दशांश दिसेल. हिशेबात काही गडबड वाटली की मी अजूनही आधी हेच करतो.

एक्सेलमध्ये दिवसांची मोजणी १ जानेवारी १९०० पासून सुरू होते, ती तारीख म्हणजे १. त्यामुळे एखाद्या सेलमध्ये तुम्ही थेट ५०:३० टाइप केलंत तर सेलमध्ये ५०:३०:०० असं नीट दिसेल, पण वरच्या फॉर्म्युला बारमध्ये ०२-०१-१९०० आणि पहाटेचे अडीच दिसतील. हे पाहून पुष्कळ जण घाबरून सेल पुसतात. पुसू नका. दोन दिवस अडीच तास हे एक्सेलला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने सांगताच येत नाही, म्हणून तो मोजणीतला दुसरा दिवस आणि त्यावरचे अडीच तास सांगतो. (जाता जाता: एक्सेलच्या पंचांगात २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख आहे, जी प्रत्यक्षात कधी उगवलीच नाही. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममध्ये ती चूक होती, आणि त्याच्या फायली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक मुद्दाम ठेवली. आपल्या तासांना याने काही फरक पडत नाही.)

आता पैशांचं. भाडं समजा तासाला १,२०० रुपये. साधा माणूस ५०:३० च्या सेलला १,२०० ने गुणतो. उत्तर येतं २,५२५. हाताने केलं तर ५०.५ गुणिले १,२०० म्हणजे ६०,६०० यायला हवेत. काय झालं ते आता तुम्हाला कळलं असेल. गुणाकार दिसणाऱ्या कपड्याशी होत नाही, आतल्या २.१०४ दिवसांशी होतो. म्हणून दिवसांचे तास करायला आधी २४ ने गुणायचं: =बी८*२४*१२०० (बी८ म्हणजे बेरजेचा सेल). आणि उत्तराच्या सेलला रुपयांचा किंवा साध्या आकड्याचा फॉरमॅट द्यायचा. तिथे चुकून वेळेचा फॉरमॅट राहिला तर ६०,६०० रुपयांचं बिल ०:०० असं दिसतं, आणि कंसवाला राहिला तर १४५४४००:००. साठ हजार सहाशे दिवसांचे तेवढे तास होतात, त्याचा तरी काय दोष.

### टिंबाचा घोटाळा

कंसाची गोष्ट एकदा कळली की संपते. मला खरा त्रास झाला तो टिंबाचा.

आपण मराठीत वेळ लिहिताना सर्रास ७.३० लिहितो. लग्नपत्रिकेत, एसटीच्या फलकावर, ऑपरेटरच्या वहीत, सगळीकडे टिंब. संगणकाला मात्र ते टिंब म्हणजे दशांश. त्यात भर म्हणजे मशीनवर जो तासांचा मीटर असतो तो खरोखरच दशांशात चालतो. सकाळी ४३८२.६, संध्याकाळी ४३९०.३, तर मशीन चाललं ७.७ तास, म्हणजे ७ तास ४२ मिनिटं. एकाच वहीत, एकाच पानावर, एका ओळीत मीटरचं ७.७ आणि पुढच्या ओळीत घड्याळावरून लिहिलेलं ७.४५. दोन्हीत टिंब तेच, अर्थ वेगळा.

बोलताना आपली ही गल्लत होत नाही. पावणेआठ म्हटलं की घड्याळात ७:४५ आणि मीटरवर ७.७५, दोन्ही बरोबर. पाव, अर्धा, पाऊण हे शब्द अपूर्णांकच आहेत, ते साठाचे असोत की शंभराचे. घोळ सुरू होतो तो कागदावर टिंब उमटल्यावर. वहीतलं ७.३० जर मीटरचं समजून हिशेबात धरलं तर ते होतात ७ तास १८ मिनिटं. बारा मिनिटं गेली, म्हणजे वरच्या दराने २४० रुपये. ७.४५ धरलं तर अठरा मिनिटं. रोज एवढं गेलं तर महिन्याला बरीच रक्कम होते, आणि ती कुठे गेली ते कोणाला कधी कळणारही नाही.

आणि हेच ७.३० तुम्ही [एच]:एमएम फॉरमॅट असलेल्या सेलमध्ये टाकलंत तर दिसेल १७५:१२. कारण ७.३ दिवसांचे १७५ तास १२ मिनिटं होतात. ही चूक निदान डोळ्यांत खुपते, म्हणून मला ती परवडते.

यावर लोक एक झटपट युक्ती सांगतात: पूर्ण कॉलम सिलेक्ट करून फाइंड-रिप्लेसने टिंबाच्या जागी कोलन घाला. मीही केली होती. करू नका. ७.४५ चं ७:४५ छान होतं. पण तुम्ही टाकलेलं ७.३० एक्सेलने आधीच शेवटचं शून्य गाळून ७.३ करून ठेवलेलं असतं. त्याचं होतं ७:३, म्हणजे ७:०३. सत्तावीस मिनिटं गायब. आणि ज्या दिवशी नुसते ८ लिहिलेत तिथे टिंबच नाही, म्हणून ते ८ तसेच राहतात, म्हणजे आठ दिवस. निम्मा कॉलम बरोबर आणि निम्मा चूक, यासारखी वाईट अवस्था नाही.

त्याऐवजी शेजारच्या कॉलममध्ये हा फॉर्म्युला लिहा: =(इंट(ए२)+राउंड(मॉड(ए२,१)*१००,०)/६०)/२४. दिसायला आडदांड आहे, पण करतो ते सरळ आहे. टिंबाआधीचा भाग तास म्हणून बाजूला काढतो, टिंबानंतरच्या भागाला शंभराने गुणून त्याची मिनिटं करतो, त्या मिनिटांना साठाने भागून तासांत मिळवतो, आणि शेवटी चोविसाने भागून सगळ्याचे दिवस करतो, कारण एक्सेलला तेच कळतात. मीटरच्या दशांशाला एवढं काही लागत नाही. ७.७ ला नुसतं २४ ने भागायचं आणि [एच]:एमएम लावायचा, ७:४२ येतात.

मी शेवटी ऑपरेटरला सांगितलं की घड्याळावरून लिहिशील तेव्हा टिंबाऐवजी दोन टिंबं दे. तो म्हणाला, "दादा, एकाच्या जागी दोन दिली की तुमचं काम हलकं होत असेल तर तीन देतो की." आता देतो दोन.

### रात्रपाळी, अक्षरं आणि हरवलेली मिनिटं

कधी कधी शेतकऱ्याला रात्रीच काम हवं असतं. सुरुवात २१:००, शेवट ५:३०. शेवटातून सुरुवात वजा केली तर उत्तर ऋण येतं आणि एक्सेल ऋण वेळ दाखवायला साफ नकार देतो. सेल नुसता ###### ने भरतो, कितीही रुंद केला तरी. इथे मॉड वापरा: =मॉड(सी२-बी२,१). उत्तर ८:३०. हा फॉर्म्युला उणे आलेल्या वेळेत एक पूर्ण दिवस मिळवतो. कोणी तुम्हाला सांगेल की सेटिंगमध्ये १९०४ ची तारीखपद्धत चालू करा, मग ऋण वेळ दिसते. दिसते हे खरं, पण त्या फायलीतल्या आधीच्या सगळ्या तारखा १,४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवसाने सरकतात. मुंगी मारायला तोफ कशाला.

तास मोजायला अवर नावाचं फंक्शन असतं, ते मोहात पाडतं. ५०:३० वर लावलं तर २ देतं. तेही घड्याळच बघतं. टाइम हे फंक्शन तसंच: त्याला २७ तास दिले तर ३ करून परत देतं. लांब कालावधीच्या वाटेला या दोघांना जाऊ देऊ नका.

बेरीज शून्य आली किंवा कमी आली तर सेलमधला मजकूर कुठल्या बाजूला चिकटलाय ते बघा. तुम्ही स्वतः हलवलेला नसेल तर आकडा उजवीकडे असतो, अक्षरं डावीकडे. दुसऱ्या कुठल्या यंत्रातून किंवा ॲपमधून आलेली वेळ पुष्कळदा नुसती अक्षरं असतात, आणि सम हे फंक्शन अक्षरांकडे ढुंकूनही बघत नाही. बाजूच्या सेलमध्ये त्याला १ ने गुणा, बहुतेक वेळा ते भानावर येतं. हाच नियम टेक्स्ट फंक्शनलाही: त्याने बनवलेलं ५०:३० वाचायला छान, पण बेरजेच्या कामाचं नाही. शब्दच दाखवायचे असतील तर कस्टम फॉरमॅटमध्ये घाला: [एच]" तास "एमएम" मिनिटं". सेलमध्ये दिसेल ५० तास ३० मिनिटं आणि आत आकडा आकडाच राहील. फक्त एमएम एकटं वापरू नका. शेजारी तास किंवा सेकंद नसतील तर एक्सेल त्याला महिना समजतो आणि पाऊण तासाच्या कामाला ०१, म्हणजे जानेवारी, असं उत्तर देतो.

सेकंद ठेवणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. [एच]:एमएम हा फॉरमॅट सेकंद जवळच्या मिनिटाला पोहोचवत नाही, सरळ कापतो. तीन खेपा प्रत्येकी १० मिनिटं ४० सेकंदांच्या असतील तर तिन्ही सेल ०:१० दाखवतील आणि बेरीज ०:३२. समोरचा बोटांवर मोजून तीस म्हणेल. तुमचा हिशेब खरा असूनही तुम्हीच खोटे ठराल. मिनिटांवर पैसे ठरलेले असतील तर आधी प्रत्येक नोंद मिनिटाला आणून मग बेरीज करा: =राउंड(ए२*१४४०,०)/१४४०. दिवसात मिनिटं १४४० असतात.

या सगळ्यात एकच जागा अशी आहे जिथे तास खरोखर हरवतात, दिसायचे थांबत नाहीत तर जातातच, आणि ती मला महागात पडली. एका कर सल्लागारांना मी महिन्याची शीट सीएसव्ही, म्हणजे नुसत्या मजकुराची साधी फाइल, करून पाठवली. सीएसव्हीमध्ये आतला दशांश जात नाही, सेलमध्ये जे दिसतं तेच जातं. साप्ताहिक बेरजांना कंस लावायचा राहिला होता. फायलीत गेले २:३०, ५:१५ असले आकडे, आणि त्या फायलीवर आता कितीही कंस लावले तरी गेलेले अठ्ठेचाळीस तास परत येणार नाहीत. मूळ फाइल माझ्याकडे होती म्हणून बरं. सीएसव्ही करण्याआधी मी आता बेरजेचे कॉलम २४ ने गुणून साध्या दशांश तासांत ठेवतो. ५०.५ ला कोणी काही करू शकत नाही.

हंगामाच्या शेवटी मामांनी विचारलं, "एकूण किती दिवस मशीन चाललं रे?" बेरीज होती ८१२ तास. मी हौसेने डी हे दिवसाचं अक्षर फॉरमॅटमध्ये घातलं, तर उत्तर आलं २ दिवस २० तास. डी म्हणजे दिवसांची संख्या नाही, महिन्यातली तारीख आहे. एकतीसनंतर ती पुन्हा एकवर जाते, आणि तिला कंस घालायची सोय एक्सेलमध्ये नाही. मग =इंट(ए२)&" दिवस "&टेक्स्ट(ए२,"एच:एमएम") असं केलं आणि ३३ दिवस २०:०० आलं. मामा बघून म्हणाले, "तेहतीस कसले? आमचा दिवस आठ तासांचा." त्यांचं बरोबर होतं. ८१२ भागिले ८, एकशे एक दिवस आणि वर अर्धा. त्याला कुठलाच फॉरमॅट लागत नाही.

राहता राहिला मीटर. एक्सेलमध्ये हाताने टाइप करता येणारी सगळ्यात मोठी वेळ ९९९९:५९:५९ आहे. १००००:०० टाइप केलं की ते आकडा न राहता अक्षरं होतात, डावीकडे चिकटतात आणि बेरजेतून बाहेर पडतात. दहा हजार तास फार वाटतात, पण जुन्या मशीनच्या मीटरवर ते सहज दिसतात. मामा आता दुसरं मशीन घेतायत, सेकंडहँड. त्याचा मीटर ९,९४० वर आहे. त्याच्या शीटमध्ये मीटरचा कॉलम मी पहिल्या दिवसापासून साधा दशांश ठेवलाय, आणि वेळेचा फॉरमॅट फक्त रोजच्या तासांना.